मुलीचं की मुलींचं?

परवा रात्री भाचीचा फोन आला. सहावीत आहे. दुसऱ्या दिवशी इंग्रजीची चाचणी, आणि तिची आई "मामाला विचार, त्याला असल्या गोष्टींची हौस आहे" असं म्हणून मोकळी झालेली.

"मामा, तो डोक्यावरचा स्वल्पविराम एसच्या आधी द्यायचा की नंतर?"

झालं. आयतीच संधी मिळाली म्हटल्यावर मी मास्तरकी सुरू केली. मालक एकटा असेल तर आधी चिन्ह, मग एस. एका मुलाचं पुस्तक असेल तर बॉय, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. मालक अनेक असतील आणि त्या अनेकवचनाच्या शेवटी एस आधीच असेल, तर आणखी एस लावायचा नाही, नुसतं चिन्ह शेवटी टांगायचं. बॉईज, आणि पुढे अपॉस्ट्रॉफी. पण चिल्ड्रन, मेन, विमेन अशी एस नसलेली अनेकवचनं असतील तर पुन्हा एकवचनासारखंच, चिन्ह आणि एस. टॉम आणि मेरीचं मिळून एकच घर असेल तर चिन्ह फक्त मेरीला. दोघांची घरं वेगळी असतील तर दोघांनाही. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तर पलीकडून प्रश्न, "पण मामा, बोलताना तर सगळं बॉईजच ऐकू येतं. मग कुणाला कळणार आहे?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "परीक्षेत मार्क जातात" एवढंच मला सुचलं. तिनं ते ऐकून घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही हे मला कळलं. माझंही झालं नाही. त्या रात्री मला झोपताना आमच्या गावच्या घरातलं घंगाळ आठवलं, आणि मग पुढचे चार दिवस मी याच विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. भाचीसाठी, आणि थोडं माझ्यासाठीही.

आधी घंगाळाबद्दल. आमच्या घरच्यांना ही गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

आजोबांनी १९५८ च्या दिवाळीत तांब्याचं एक मोठं घंगाळ घेतलं आणि त्यावर नाव घालून घेतलं. तेव्हा नाव घालायचं म्हणजे छिन्नी आणि हातोडीनं एकेक ठिपका ठोकून अक्षर काढायचं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर आजोबांचं नाव. या एकावर मात्र होतं, 'मुलीचें'. जुन्या पद्धतीनं चे वर अनुस्वार दिलेला. पण ली वर होता की नव्हता? घंगाळाला नेमका तिथेच पोचा आला होता आणि तांबटानं तो ठोकून काढला, त्यात वेलांटीच्या आसपासचं सगळं चेपून गेलं होतं. आजोबांना मुली दोन. आजोबा गेल्यावर १९८१ मध्ये वाटण्या झाल्या. शेत, घर, भांडीकुंडी सगळं मुलांमध्ये वाटलं गेलं, तेव्हा तशीच रीत होती. मुलींच्या वाट्याला येण्यासारखी, म्हणजे आजोबांनी स्वतः तसं लिहून ठेवलेली, अख्ख्या घरात एकच वस्तू होती. ते घंगाळ.

थोरली आत्या म्हणाली, 'मुलीचें' आहे, म्हणजे थोरलीचं. ते घेतलं तेव्हा मीच कामाला हाताशी होते, धाकटी अगदी लहान होती. धाकटी काहीच म्हणाली नाही. फक्त त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही.

असो. याच्याकडे शेवटी परत येऊ.

तर इंग्रजी. मला वाटायचं हे चिन्ह त्या भाषेत पहिल्यापासून असणार. अजिबात नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. कारण तेव्हाची इंग्रजी बरीचशी आपल्या संस्कृतसारखी होती. शब्दाच्या शेपटीवरून सगळं कळायचं. राजा म्हणजे 'क्युनिंग'. अनेक राजे म्हणजे 'क्युनिंगास'. राजाचा म्हणजे 'क्युनिंगेस'. आणि राजांचा म्हणजे 'क्युनिंगा'. चार अर्थ, चार रूपं, आणि चारही कानाला वेगळी. माझ्या भाचीला तेव्हा प्रश्नच पडला नसता.

शिवाय सगळ्या नामांना एस लागायचाही नाही. बरीचशी पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामं 'एस' घ्यायची, स्त्रीलिंगी नामांचं वेगळंच चालायचं. याचा पुरावा आपण रोज वापरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. इंग्रजी वारांची नावं बघा. ट्यूजडे, वेन्सडे, थर्सडे या तिन्हींत डेच्या आधी एक एस आहे. तो षष्ठीचा एस आहे! टिव देवाचा दिवस, वोडन देवाचा दिवस, थुनोर म्हणजे मेघगर्जनेच्या देवाचा दिवस. पण फ्रायडेमध्ये एस नाही, कारण ती फ्रिग देवी, आणि तिची षष्ठी एसनं होत नव्हती. सूर्य त्या भाषेत स्त्रीलिंगी, म्हणून संडेतही नाही. हे वाचलं तेव्हा मी कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक वार मोठ्यानं म्हणून पाहिला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" काय सांगणार :)

लेडीबर्ड हा किडाही त्यातलाच. लेडी म्हणजे येशूची आई मेरी, तिचा पक्षी. तिथेही एस नाही, कारण बाईमाणसाची जुनी षष्ठी.

मग १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच आली. इंग्रजी राहिली शेतात, बाजारात, चुलीपाशी. शब्दांच्या शेपट्या झिजायला सुरुवात त्याआधीच झाली होती, आता तिला वेग आला. शेवटचे स्वर तर सगळे एकसारखेच ऐकू येऊ लागले. त्यात 'एस'वालं रूप ठसठशीत, म्हणून ते टिकलं आणि सगळीकडे पसरलं. अनेकवचनालाही तेच, षष्ठीलाही तेच, आणि अनेकवचनाच्या षष्ठीलाही तेच. राजे, राजाचा, राजांचा, सगळं 'किंगेस'. ऐकायला एक आणि लिहायलाही एक.

म्हणजे पुढची चार-पाचशे वर्षं इंग्रजी लिहिणाऱ्याला 'राजाचा' आणि 'राजांचा' यातला फरक कागदावर दाखवायची सोयच नव्हती. चॉसरनं याच काळात लिहिलं, आणि शेक्सपिअरच्या हयातीत छापलेल्या नाटकांतही बहुतेक ठिकाणी षष्ठीचा एस चिन्हाशिवायच दिसतो. कुणाचं काही अडलं नाही. मागचं पुढचं वाक्य वाचून लोक समजून घेत.

याच काळात त्या एसनं आणखी एक गंमत केली. चॉसरच्या वेळी 'बाथच्या बाईची गोष्ट' म्हणायचं तर एस बाईला लागायचा आणि बाथ हे गाव शेवटी यायचं, म्हणजे 'बाईची गोष्ट बाथच्या' असं काहीसं. आता एस सगळ्या शब्दांच्या शेवटी जातो, बाथ या गावाला लागतो, जरी गोष्ट गावाची नसून बाईची असली तरी. म्हणजे तो मुळात शब्दाला चिकटलेला प्रत्यय, तो सुटा होऊन अख्ख्या शब्दसमूहामागे येऊन बसायला लागला.

आता सुटा झालाच आहे तर हा एस आहे तरी कोण, असा प्रश्न लोकांना पडला. आणि त्यांनी जे उत्तर काढलं ते मला फार आवडलं, कारण ते साफ चुकीचं आहे आणि तरी इतकं पटण्यासारखं आहे! इंग्रजीत 'हिज' म्हणजे 'त्याचा'. घाईत बोलताना त्यातला ह गळतो आणि 'इज' उरतं. 'किंगेस बुक' हे कानाला 'किंग इज बुक' असं लागायचं. मग लोकांना वाटलं, अरे, हे तर 'किंग हिज बुक' आहे! राजा, त्याचं पुस्तक. आणि ते तसं लिहायलाही लागले. बेन जॉन्सनच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचं नाव 'सेजेनस हिज फॉल'. जॉन डनच्या १६११ च्या पुस्तकाचं नाव 'इग्नेशियस हिज कॉन्क्लेव्ह'. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही येशूच्या नावापुढे असा 'हिज' आहे.

गंमत म्हणजे याच बेन जॉन्सननं इंग्रजीचं एक व्याकरणही लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, ते छापलं गेलं. त्यात या 'हिज'ला त्यानं राक्षसी वाक्यरचना म्हटलं आहे. स्वतःच्या नाटकाच्या नावात ती चालली, व्याकरणात चालली नाही! हा समज तरीही गेला नाही. १७११ मध्ये जोसेफ अॅडिसननं 'स्पेक्टेटर'मध्ये तेच लिहिलं. शेवटी १७५५ साली सॅम्युएल जॉन्सननं (हा वेगळा, कोशवाला) आपल्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात साधा मुद्दा मांडला. आपण 'स्त्रीचं सौंदर्य' म्हणतानाही एसच लावतो ना? मग तो 'त्याचा' कसा असेल?

इतका सोपा मुद्दा. पण तोवर दीडेकशे वर्षं अनेकांना तसंच वाटत होतं. आपल्याला जे ऐकू येतं त्याचा आपण सोयीचा अर्थ लावतो आणि मग तोच मूळ अर्थ होता असं मानून चालतो. (हे वाक्य लिहिताना मला पुन्हा घंगाळ आठवलं.)

बरं, आता ते चिन्ह आलं कुठून? त्याचा सुरुवातीला मालकीशी काहीही संबंध नव्हता. अपॉस्ट्रॉफी हा ग्रीक शब्द, अर्थ साधारण 'दूर वळवलेलं, बाजूला सारलेलं'. छापखानेवाल्यांनी ते गळालेल्या अक्षराची जागा दाखवायला वापरलं. व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यानं १५०१ साली पेत्रार्कच्या कविता छापल्या, त्यात ते दिसतं. फ्रान्समध्ये जॉफ्रुआ तोरीनं १५२९ मध्ये त्याचा पुरस्कार केला. तिथून सोळाव्या शतकात ते इंग्रजीत आलं.

आपल्याला हे समजायला अजिबात कठीण नाही, कारण आपला अवग्रह हेच काम करतो. सः आणि अहम् एकत्र आले की सोऽहम्. मधला अ गेला, त्याच्या जागी ऽ अशी खूण ठेवली. 'इथे कुणीतरी होतं' एवढंच सांगणारी.

आणि 'किंगेस'मधला ए बोलताना कधीचाच गळाला होता. मग त्याच्या जागी ही खूण आली. म्हणजे एकवचनी षष्ठीतली अपॉस्ट्रॉफी ही मुळात एका मेलेल्या ए अक्षराची समाधी आहे! मालकीची खूण वगैरे नंतर. सुरुवातीला ती कुठे दिली जायची, कुठे नाही. कधी तर साध्या अनेकवचनातही दिली जायची, ज्याला आज सगळे हसतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र एकवचनी षष्ठीत ती बऱ्यापैकी रुळली.

अनेकवचनाचं काय? तिथे पंचाईत होती. राजांचा म्हणायचं तर 'किंग्ज' हे अनेकवचन आहेच, त्यातून षष्ठीसाठी वेगळं असं काही गळालेलं नाही. मग खूण कशाची ठेवायची? अठराव्या शतकात बऱ्याच जणांचा आक्षेप हाच होता. जिथे कुणी मेलंच नाही तिथे समाधी कशाला? पण एकवचनात ती खूण आता लोकांना मालकीची वाटू लागली होती. मग अनेकांच्या मालकीलाही काहीतरी हवं म्हणून ती एसच्या पुढे नेऊन ठेवली. हे स्थिरस्थावर व्हायला अठराव्या शतकाची अखेर उजाडली.

म्हणजे भाचीच्या पुस्तकातला तो 'आधी की नंतर' हा नियम जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा आहे. आणि त्यातला अर्धा भाग गळालेल्या अक्षरावरून आलेला, अर्धा नुसत्या देखादेखीनं.

या सगळ्यात 'इट्स'ची कथा वेगळीच. 'त्याचं', पण निर्जीव वस्तूचं, असं सांगणारा हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी उगवला. त्याआधी वस्तूलाही 'हिज'च म्हणत. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या मूळ छापील प्रतीत तो एकदाही नाही. पुढे तो रुळला तेव्हा बरेच लोक त्यात अपॉस्ट्रॉफी देत, राजाच्या शब्दात देतात तशी. १७८७ च्या अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, राज्यांच्या तपासणीच्या कायद्यांबद्दल लिहिताना, तो तसाच चिन्हासकट आहे. आज सहावीतल्या पोरीनं तसं लिहिलं तर लाल फुली! एकोणिसाव्या शतकात केव्हातरी ते चिन्ह 'इट इज'च्या जोडशब्दासाठी राखून ठेवलं आणि मालकीच्या 'इट्स'मधून काढून टाकलं. म्हणजे मालकीसाठी चिन्ह वापरा असा नियम केला आणि सर्वांत जास्त लागणाऱ्या शब्दातच तो मोडला.

गावांची आणि स्थळांची नावं तर विचारूच नका. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही एकापाठोपाठ स्टेशनं. पहिल्याला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाही. लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कमध्ये चिन्हानंतर आणखी एक एस आहे, न्यूकॅसलच्या त्याच नावाच्या फुटबॉल मैदानात तो दुसरा एस नाही. अमेरिकेत स्थळनामांचं सरकारी मंडळ १८९० साली स्थापन झालं, त्याचं धोरणच असं की नैसर्गिक स्थळांच्या नावात मालकीचं चिन्ह नको. मोजून पाच नावांना सूट मिळाली. त्यातलं मार्थाज व्हिनयार्ड हे बेट सगळ्यांत प्रसिद्ध, १९३३ मध्ये त्याचं चिन्ह त्याला परत मिळालं. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर ते चिन्ह द्यायचं नाही असं जाहीर केलं, तेव्हा केवढा गहजब झाला.

आपल्याकडे मुंबईत किंग्ज सर्कल स्टेशन आहे, सेंट झेवियर्स कॉलेज आहे. ही नावं आपण नागरीत लिहितो तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो. ऐकू येतं ते लिहिलं, संपलं. किंग एक की अनेक, हे देवनागरी पाटीला माहीतही नाही.

पण कधीकधी हे प्रकरण गंभीर जागी जाऊन बसतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कॅन्सस राज्याच्या फाशीच्या कायद्याचा खटला आला. पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी 'कॅन्ससचा' लिहिताना नुसतं चिन्ह दिलं, विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी चिन्ह आणि वर एस. माणसाच्या जिवाचा प्रश्न, आणि देशातले सर्वांत मोठे न्यायाधीश कायदा 'कॅन्ससचा' कसा लिहायचा यावरही एकमत नाहीत. (दोन्ही पद्धती चालतात, बरं का. भाचीबाई, तुमच्या बाई सांगतील ती धरा.)

आणि जॉन रिचर्ड्स. या निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये इंग्लंडात अपॉस्ट्रॉफी वाचवण्यासाठी एक संस्था काढली. चुकीच्या पाट्या लावणाऱ्या दुकानदारांना नम्र पत्रं लिहायची. अठरा वर्षं हे केल्यावर, २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांनी संस्था बंद केली. अज्ञान आणि आळस जिंकले, असा त्यांचा सूर होता. २०२१ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी ती संस्था पुन्हा उभी केली. मला आधी हसू आलं होतं, पण वाचता वाचता ते गेलं. एका टिचभर खुणेसाठी माणूस म्हातारपणाची अठरा वर्षं देतो, तेव्हा त्याला त्या खुणेच्या मागे काहीतरी दिसत असणार.

आता आपल्या मराठीकडे येतो, कारण घंगाळाचं उत्तर तिथेच आहे.

शाळेत 'स ला ते, स ला ना ते' घोकलेलं आठवतंय? त्यातला तो स, रामास, राजास यातला. तो संस्कृतच्या 'रामस्य'चा वंशज आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. रामस्यचं प्राकृतात रामस्स झालं. प्राकृतात चतुर्थीचं कामही षष्ठीनं उचललं, म्हणून आपल्याकडे पोचेपर्यंत 'रामाचा'चा 'रामाला' झाला. आणि संस्कृतचा तो 'स्य' आणि जुन्या इंग्रजीतला 'एस' हे एकाच फार जुन्या घराण्यातले मानले जातात. म्हणजे भाची ज्या एसनं वैतागली होती तो आपल्या रामासमधल्या स चा लांबचा चुलतभाऊ निघाला!

आणि अनेकवचन? संस्कृतात देवाचा म्हणजे देवस्य, देवांचा म्हणजे देवानाम्. त्या 'आनाम्'मधला नाकातला आवाज झिजत झिजत आपल्यापर्यंत आला आणि ठिपका होऊन बसला. देवाचा, देवांचा. मुलीचं, मुलींचं. एक ठिपका तेवढा फरक. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे कितीतरी अनुस्वार काढून टाकले, पण हा ठेवला. कारण हा ऐकू येतो. इंग्रजीतली खूण गळालेल्या अक्षरासाठी छापखान्यातून आली आणि मागाहून तिला अर्थ चिकटला. आपला ठिपका आवाजाच्या पोटातून आला. तिची खूण फक्त डोळ्याला दिसते, आपली कानालाही कळते.

शिवाय आपला ठिपका नुसती डोकी मोजत नाही. 'आजोबांचं घंगाळ' म्हणतो तेव्हा आजोबा एकच असतात. तिथे ठिपका मानाचा असतो.

आता घंगाळ. धाकटी आत्या २०१४ मध्ये गेली. त्यानंतर दोन वर्षांनी थोरल्या आत्यानं घंगाळ आमच्याकडे पाठवून दिलं. मी आणायला गेलो होतो. तिनं ते चिंच लावून लख्ख घासून ठेवलं होतं. निघताना माझ्या हातात देत म्हणाली, "ठिपका होता रे. लहानपणी मीच घासायची ना हे, बोटाला लागायचा." आणि मग थोड्या वेळानं, "आणि वाचताना दादा मुलींचंच म्हणायचे." दादा म्हणजे आमचे आजोबा.

म्हणजे डोळ्याला दिसत नव्हता तरी बोटाला माहीत होता, आणि कानालाही. पस्तीस वर्षं. मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? धाकटी नंतरच्या वर्षापासून भाऊबीजेला येत राहिली, दोघी बहिणी एकमेकींशी चांगल्या वागत राहिल्या, पण घंगाळाचा विषय मी दोघींच्या तोंडून एकत्र कधी ऐकला नाही. कदाचित एकीनं विचारायला हवं होतं आणि दुसरीनं सांगायला. झालं नाही.

भाचीचा प्रश्न होता, ऐकू येत नाही तर कुणाला कळणार आहे? त्याचं उत्तर मला आता असं वाटतं. इंग्रजीनं चार-पाचशे वर्षं खुणेशिवाय काढली, कारण मागचं पुढचं बघून लोक समजून घेत होते. समजून घ्यायची तयारी असेल तोवर खूण नसली तरी चालतं. खूण लागते ती वाटणीच्या दिवशी. तेव्हा वाचणारा आपल्याला हवं तेच वाचतो, म्हणून लिहिणाऱ्यानं आधीच एक आहे की अनेक ते स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं. एवढ्यासाठी तो नियम. मार्कांसाठी नाही.

हे मी तिला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, चाचणी झाली. मी सगळीकडे एसच्या आधीच दिला." :)

दिवाळीत ती येणार आहे. तेव्हा तिला घंगाळ दाखवणार आहे, आणि पोच्याच्या जागी बोट फिरवून बघायला सांगणार आहे. मला काही लागत नाही. तिची बोटं लहान आहेत, कदाचित लागेल.

तुमच्याकडच्या जुन्या भांड्यांवर काय लिहिलंय, वाचून बघा एकदा. आणि ज्यांनी लिहून घेतलं ते असतील, तर त्यांनाच विचारून घ्या.